गॅस गीझरबद्दल तक्रार: चार व्हिजिट झाल्या, बिघाड कुणीच शोधला नाही आणि शेवटी जिवावर बेतलं

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर

दि. १८ जानेवारी २०२५, कराड

सर/मॅडम,

माझ्या नावावर तुमच्याकडे चार तक्रारी नोंदवलेल्या आहेत आणि चारही 'क्लोज्ड' दाखवतायत. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहितेय, मोठं होईल पण पूर्ण वाचा, कारण यातली शेवटची गोष्ट फक्त माझ्या घरापुरती नाहीये.

१९ ऑक्टोबर २०२४ ला तुमचा ६ लिटरचा सिलिंडरवर चालणारा गॅस गीझर ५,४५० रुपयांना घेतला, २२ तारखेला तुमच्याच माणसाने ६०० रुपये घेऊन बसवून दिला. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, अगदी टाकीच्या खाली, त्यामुळे पाण्याला प्रेशर कमी असतं, हे मी घेतानाच दुकानात सांगितलं होतं. गीझर धुण्याच्या गॅलरीत बसवला, तिथे हवा खेळती आहे, आणि भिंतीतून पाइप बाथरूममध्ये घेतला. पहिले आठ दिवस मस्त चालला, खोटं का बोलू.

३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी, पहाटे अभ्यंगस्नान, घरात पाहुणे, आणि नेमका तेव्हाच गीझर दगा द्यायला लागला. टक-टक करून पेटायचा, दोन-तीन मिनिटं गरम पाणी यायचं आणि मग गपकन विझायचा, अंगाला उटणं लावून बसलेल्या लेकीवर थंड पाणी. त्याच दिवशी मला एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला की हमखास विझतो आणि नळ बंद केला की परत पेटतो. हे वाक्य मी तुमच्या टोल फ्री नंबरवर सांगितलं, नंतर आलेल्या प्रत्येक माणसाला सांगितलं, एकानेही ऐकून घेतलं नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

४ नोव्हेंबरला पहिला मुलगा आला. खालचं झाकण उघडलं, दोन्ही मोठे सेल बदलले, "मॅडम सेल वीक होते" म्हणाला आणि तक्रार क्लोज करायचा ओटीपी मागितला. तेरा दिवसांपूर्वीच नवीन घातलेले सेल! आणि सेल वीक असते तर टक-टक ठिणगीच नीट पडली नसती ना, ठिणगी पडतेय, ज्वाला धरतेय, मग सेलचा काय संबंध. पण तेव्हा मला एवढं कळत नव्हतं, दिला ओटीपी.

दुसरा माणूस २१ नोव्हेंबरला. तो म्हणाला कार्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलंय. नवीन गीझरचं कार्ड महिन्यात कसं जातं विचारलं तर म्हणे इलेक्ट्रॉनिक पार्ट वॉरंटीत येत नाही, ७८० रुपये घेऊन बदललं. कार्ड खराब असेलही, पण ते कसं तपासलं ते तरी दाखवायचं, ना मीटर लावला ना काही. आणि वर सल्ला काय दिला, तर गीझर गॅलरीत लांब आहे म्हणून प्रेशर मिळत नाही, बाथरूममध्ये आत घ्या. मी म्हटलं अहो गॅसचा गीझर बाथरूममध्ये नसावा असं तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय, तर म्हणाला "काही होत नाही ताई, सगळे आतच बसवतात, खिडकी आहे ना." सासरे पण म्हणाले करून टाक, तो रोजचा माणूस आहे, त्याला जास्त कळतं. १,१५० रुपये घेऊन त्याने गीझर आत बसवला. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर एका कागदाचा फोटो आला. मी तेव्हा अडून बसायला हवं होतं, हे मला रोज वाटतं.

आत घेऊन फरक शून्य. स्वयंपाकघराचा नळ सोडला की विझणं चालूच.

१४ डिसेंबरला तिसरा आला, त्याने थेट बर्नर बदलला. जुना बर्नर तो घेऊन जात होता, पण मी म्हटलं राहू दे. या दिवसानंतर ज्वालेचा रंगच बदलला. आधी निळी, बुटकी, एकसारखी असायची, आता पिवळी आणि लांब, वर पाणी तापवणाऱ्या कॉइलपर्यंत जाऊन हलणारी. गीझरच्या वरची टाइल काळी पडायला लागली, हात लावला की काजळी. अंघोळीनंतर डोकं जड व्हायचं, मला वाटलं थंडीमुळे. आणि १४.२ किलोचा सिलिंडर जो आम्हाला चाळीस दिवस जायचा तो चोवीस दिवसांत संपला.

आता २८ डिसेंबर. सकाळी साडेसहाला आप्पा, म्हणजे माझे सासरे, वय ७४, अंघोळीला गेले. थंडी म्हणून खिडकी लावून घेतली. दहा-पंधरा मिनिटांनी कडी काढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धप्पकन आवाज, दारातच कोसळले होते, चेहरा लाल, उलटी झाली, काही विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना. नशीब की कडी काढेपर्यंत शुद्ध होती. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी बीपी-शुगरच्या आधी पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का?" लगेच ऑक्सिजन लावला. संध्याकाळी घरी सोडलं, पण पुढचे चार दिवस ते तारीख-वार विसरत होते.

डॉक्टरांनी समजावलं ते तुमच्या लोकांना माहीत नसेल असं मी मानत नाही, तरी लिहिते. गॅसला हवा पुरली नाही की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. सिलिंडर लीक झाला तर वास येतो कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो, याला तसं काहीच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्टपणे याला धरून ठेवतं, म्हणून माणूस श्वास घेत असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मग हातापायातलं बळ जातं आणि कडी काढायची ताकद राहत नाही. बंद बाथरूममध्ये माणसं जातात ती अशी.

तरीसुद्धा मी परत तुमच्याकडेच तक्रार केली. ३१ डिसेंबरला चौथा माणूस आला, पिवळी ज्वाला दाखवली तर म्हणाला थंडीत होते अशी, सर्व्हिसिंग करून घ्या. आणि दारात उभा असतानाच, काम सुरू व्हायच्या आधी ओटीपी घेतला. दहा मिनिटांत गेला. तक्रार क्लोज.

५ जानेवारीला, रविवारी, आमच्या गल्लीतल्या शेगडी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, नेमकं होतं काय ते सांगा. मी तेच वाक्य सांगितलं, स्वयंपाकघरात नळ सोडला की विझतो. ते म्हणाले मग गॅसकडे नंतर बघू, आधी पाणी बघू. गॅस बंद करून नुसती १० लिटरची बादली गीझरमधून भरायला लावली, बरोब्बर चार मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. तुमच्या पुस्तिकेत गीझर चालायला कमीत कमी अडीच लिटरच लिहिलंय, म्हणजे आधीच काठावर, त्यात दुसरा नळ सोडला की पाणी कमी, आतला रबरी पडदा मागे येतो, बटण सुटतं आणि गॅस बंद होतो. गीझर विझत होता तो बिघडला म्हणून नाही, सुरक्षेसाठी विझायलाच पाहिजे म्हणून!

मग पाणी आत येतं तिथला नट खोलला. आत जाळी असते छोटी, ती वाळूने भरलेली, आणि पांढऱ्या टेफलॉन टेपचे तुकडे. दिवाळीच्या आधी सोसायटीने टाकी धुतली होती, वाळू त्याची, आणि टेप बसवणाऱ्याची. जुन्या टूथब्रशने धुतली, परत लावली, बादली अडीच मिनिटांत भरली. स्वयंपाकघराचा नळ सोडून बघितला, तीन मिनिटं. पाच मिनिटांचं काम, एक रुपयाचा पार्ट नाही. ही जाळी साफ करा असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे, ते मी वाचलं नाही ही माझी चूक, पण तुमच्या चार माणसांनी पण वाचलेलं नाही का?

नंतर त्यांनी पुढचं कव्हर काढलं आणि नवा बर्नर बघून गप्पच झाले. मी ठेवलेला जुना बर्नर शेजारी धरला. नव्याच्या जेटची, म्हणजे गॅस बाहेर येतो ती, भोकं नुसत्या डोळ्यांना मोठी दिसतात. म्हणाले हा पाइपलाइन गॅसचा बर्नर आहे, आणि तुमच्याकडे सिलिंडर. पाइपलाइनच्या गॅसला प्रेशर कमी आणि तेवढ्याच गॅसमध्ये उष्णता कमी, म्हणून भोक मोठं लागतं, सिलिंडरचा गॅस दुपटीहून जास्त ताकदीचा, त्याला भोक बारीक. मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला की तो नको तेवढा येतो, हवा पुरत नाही, ज्वाला पिवळी, काजळी, आणि ती काजळी कॉइलच्या पट्ट्यांत बसली की धूर वर जायला जागा उरत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये पाइपलाइन आलेलीच नाही आणि गीझरच्या बाजूच्या पट्टीवर एलपीजी असं स्पष्ट छापलंय. तुमच्या माणसाने ती पट्टी वाचली नाही किंवा त्याच्या पिशवीत जो बर्नर होता तो लावला.

म्हणजे एका जाळीसाठी तुम्ही सेल बदलले, कार्ड बदललं, गीझर बाथरूममध्ये आणला आणि चुकीचा बर्नर लावला.

६ जानेवारीला फोन केला तर उत्तर आलं, बाहेरच्या माणसाने उघडलं म्हणून वॉरंटी संपली. त्यांनी काहीही बदललेलं नाही, तुमच्या माणसाने लावलेलाच बर्नर आत आहे. आधी-नंतरचे फोटो, ज्वालेचा व्हिडिओ, दवाखान्याचा कागद, सगळं माझ्याकडे आहे. गीझरचा गॅस तेव्हापासून बंद आहे, आम्ही शेगडीवर पातेल्यात पाणी तापवतो.

मला गीझरचे, बसवण्याचे, कार्डाचे आणि आत घेण्याचे मिळून ७,९८० रुपये परत पाहिजेत. बदलून दुसरा गीझर नको, आप्पा त्याच्याखाली परत उभे राहणार नाहीत. चूक काय झाली ते लेखी पाहिजे, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हा मेसेज नको, चार वेळा आलाय. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही की तुमच्या माणसांनी या भागात अजून कुणाकुणाकडे तसले बर्नर लावलेत आणि कुणाकुणाचे गीझर बाथरूममध्ये बसवलेत ते आजच्या आज शोधा, तुमच्याकडे प्रत्येक व्हिजिटची नोंद असते. त्यांना फोन करून सांगा की ज्वाला पिवळी दिसत असेल तर वापरू नका. ही थंडी आहे, सगळे खिडक्या लावूनच अंघोळ करतायत, उशीर करू नका.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली साताऱ्याला जिल्हा आयोगात जाणार.

तपासायला माणूस पाठवायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर मी घरी असते. बर्नर माझ्यासमोर काढायचा, दोन्ही बर्नरचे फोटो घ्यायचे, काय सापडलं ते लिहून सही करायची. ओटीपी त्यानंतर मिळेल.

आपली,
एक ग्राहक, कराड