भाजी चिरायला बसवलंत म्हणून

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण रयत शिक्षण संस्थेत तुमच्या हाताखालून गेलेली पोरं आता पुण्या-मुंबईपर्यंत पसरली आहेत. त्यांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा माझं तसं सगळं नीट चाललं होतं. कराडला बँकेत नोकरी, स्वतःचं घर, लेक आठवीत. तरी मार्चएंडला रात्री उशिरा घरी परतताना वाटायचं, हे कशासाठी? निवडणुकीवरून भावकीनं अबोला धरला होता, राजकारणाचं नाव नको झालं होतं. मुलाशी बोलणं म्हणजे मार्क आणि मोबाइल. गोंदवल्याला गोंदवलेकर महाराजांच्या समाधीपुढे शांत वाटायचं, पण दहिवडी ओलांडेपर्यंत पुन्हा तेच.

तुम्ही उपदेश केला नाहीत. "पुढच्या खेपेला दर्शन घेऊन लगेच फिरू नकोस, प्रसादाच्या जेवणाची भाजी चिरायला बस," एवढंच म्हणालात. बसले. शेजारच्या आजींनी नाव-गाव न विचारता माझ्यापुढे दुधी सरकवला. माझ्या हातची फोड कुणाच्या पानात पडणार, मला कधीच कळणार नव्हतं. कामाचं श्रेय, प्रमोशन, टार्गेट यांत इतकी वर्षं काढल्यावर त्या न कळण्यानं मला किती मोकळं केलं, हे मी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं.

मग तुम्ही रयतच्या संस्थापकांचा, कर्मवीर भाऊराव अण्णांचा विषय काढलात. १९१९ साली इथेच, कराडजवळच्या काले गावी रयत सुरू झाली, हे दर जयंतीला ऐकलेलं. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, जेवली; त्यांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. तेही पाठ होतं. पण तुम्ही विचारलंत, "हे राजकारण होतं, नोकरी होती, संसार होता, का अध्यात्म?" मला वेगळं काढता येईना. माझ्या आयुष्यात मात्र हे चारही कप्पे कुलूपबंद होते, आणि प्रत्येकात मी एकटी होते.

पुढचं तुम्हीच घडवलंत. ग्रामसभेला नेऊन ग्रामपंचायतीचा जमाखर्च माझ्या हातात दिलात: "बँकेत आहेस ना, बायकांना वाचून दाखव." महिलांसाठीचा निधी कुठे जातो हे विचारायला आता त्या स्वतः उभ्या राहतात. अबोला धरलेली जाऊसुद्धा त्यांच्यात असते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि टीव्ही-मोबाइल बंद होतात, हे तुम्हीच सांगितलंत. आमच्या घरी भोंगा नाही, पण ती वेळ आम्ही पाळतो. लेक बोलतो. कधी नुसताच शेजारी बसून चित्रं काढतो.

प्रश्न अजून पडतो, सर. पण आता तो घेऊन मी माणसांत जाते. ही वाट तुम्ही दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

रविवारी लेकाला गणिताला पाठवते. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका, आणि काकूंना नमस्कार सांगा.

तुमची विद्यार्थिनी