गोळ्या संपल्या, बाहेरून घ्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

माझी आई नैराश्यावर अमिट्रिप्टिलिन घेते. 25 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, रात्री. आधी नवी औषधं देऊन पाहिली, ती लागू पडली नाहीत. या गोळीनेही सुरुवातीला छळलंच. तोंड कोरडं, पोट साफ नाही, सकाळी नऊ वाजले तरी डोळा उघडेना. तीन आठवडे फरक शून्य. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ती ओसरीवरून ओरडली, "तुळशीला कुणी पाणी घातलं नाही का गं?" कित्येक महिन्यांत तिने आपणहून काही विचारलं नव्हतं.

औषध जुनं आहे. 1950च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरचा गुण ओळखला, त्याच ट्रायसायक्लिक (रेणूत तीन कड्या असलेल्या औषधांच्या) घराण्यातलं हे. 2022च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ते आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017चं कलम 18 सांगतं की अशी औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत सदैव मोफत मिळाली पाहिजेत. आमच्याकडे त्यालाच ग्रामीण रुग्णालय म्हणतात, आणि तिथल्या खिडकीवर उत्तर मिळतं, "स्टॉक नाही, बाहेरून घ्या."

गेल्या पावसाळ्यात तालुक्यातल्या मेडिकलमध्येही मिळेना. अकरा दिवस खंड पडला. मळमळ, झोप नाही, चिडचिड. मग ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली.

पण साहेब, मला खरी भीती वाटते ती स्टॉक आल्यावर. "परत कधी येईल भरवसा नाही, ठेवा घरात," म्हणत फार्मासिस्टने दोन महिन्यांच्या 180 गोळ्या एकदम हातात दिल्या. माणूस भला, त्याचा दोष नाही. मात्र हे औषध जास्त पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीव जातो. आणि ते ठेवायचं कुठं, तर जिच्या मनात मरणाचे विचार येऊन गेलेत तिच्याच घरात! मी गव्हाच्या कोठीला कुलूप लावलंय. आईने कुलपाचं कारण अजून विचारलेलं नाही.

म्हणून मागणी जास्त गोळ्यांची नाही, उलट कमीची आहे. पंधरा दिवसांच्याच द्या, पण दर पंधरा दिवसांनी नक्की द्या. बीपीच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात मिळतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर याही तिथेच मिळू द्या. एसटीला अर्धं तिकीट असलं तरी मजुरीचा दिवस बुडतोच.

कोठीत आजची रात्र धरून नऊ दिवसांच्या गोळ्या आहेत.

आपली,
एका रुग्णाची मुलगी