दावी सुटली, साखळी राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा सरत आला की नालेसफाई, पूररेषा आणि बोटींची पाहणी यांच्या बातम्या आपल्या दैनिकात दिसू लागतात. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने करमाळा, माढा, मोहोळपासून उत्तर आणि दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठाची काय दशा केली, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गही कसा बंद ठेवावा लागला, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या पुरावर पुष्कळ लिहिले गेले. मात्र घरात पाळलेल्या कुत्र्या-मांजरांचे अशा वेळी काय करायचे, याविषयी फारसे वाचनात आले नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या बहिणीचे घर सीनेकाठच्या एका गावात आहे. पाणी चढू लागल्याची हाकाटी पहाटे झाली तेव्हा दाजींनी पहिल्यांदा गोठ्याकडे धाव घेतली, दोन गाई आणि एका कालवडीची दावी कोयत्याने तोडली आणि जनावरे माळाच्या बाजूला हुसकली. आक्का नातवंडांना घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली. मोत्या मात्र मागच्या दाराशी साखळीला तसाच राहिला, कारण दाजींना वाटले आक्काने सोडला आणि आक्काला वाटले दाजींनी. हे ध्यानात आले तेव्हा अंगणात कमरेएवढे पाणी होते. साठी ओलांडलेले दाजी कोणाचेही न ऐकता परत गेले. साखळीचा हूक गंजलेला, कुत्रा घाबरून अंगावर येणारा, अशा स्थितीत त्यांनी त्याच्या गळ्यातला पट्टाच कापला आणि त्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढले. निवाऱ्यासाठी उघडलेल्या शाळेत कुत्र्याला आत घेता येणार नाही असे सांगण्यात आले, तेव्हा दाजींनी दोन रात्री पावसात, ट्रॉलीवर ताडपत्री ओढून, मोत्यासोबत काढल्या.

दाजींनी शहाणपणा केला असे मी म्हणणार नाही. वाहत्या पाण्यात परत जाणे ही जिवाशी गाठ होती. परंतु माणसे असे वागतात हे गृहीत धरूनच नियोजन करावे लागते. अमेरिकेत 2005 साली कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले तेव्हा बचावाच्या वाहनांत आणि निवारा केंद्रांत प्राण्यांना मज्जाव होता, आणि आपले जनावर टाकून जायला तयार नसल्यामुळे अनेक लोक बुडणाऱ्या घरांतच थांबले. पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, तिथल्या संसदेने कायदा करून राज्यांच्या व शहरांच्या स्थलांतर आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार करणे आवश्यक ठरवले. त्यामागे भूतदया होतीच, पण मुख्य हिशेब माणसांच्या जिवाचा होता: जनावर मागे राहिले की त्याचा मालकही मागे राहतो, आणि मग त्या मालकाला आणायला जवानांना पुन्हा पाण्यात उतरावे लागते.

ज्याची दुभती म्हैस दावणीलाच गेली त्या शेतकऱ्यापुढे कुत्र्याची गोष्ट काढताना संकोच वाटतो. बोटीत पहिली जागा माणसाची आणि मदतीत पहिला हक्क पोट भरणाऱ्या जनावराचा, याबद्दल माझा वाद नाही. आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे 37,500 रुपये, बैलामागे 32,000, शेळी-मेंढीमागे 4,000 आणि कोंबडीमागे 100 रुपये धरलेले आहेत. कुत्रा-मांजर त्या यादीत नाही, आणि त्याची भरपाई कोणी मागतही नाही. मात्र ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत कुत्र्याचीही मोजदाद आहे. म्हणजे सरकारला तो गणनेच्या वेळी दिसतो आणि स्थलांतराच्या वेळी दिसेनासा होतो.

तरीही सगळा भार प्रशासनावर टाकणे योग्य नाही. सीनेचा पूर बहुतेकदा आपल्या डोक्यावरच्या पावसाने येत नाही. वरच्या जिल्ह्यांत पडलेला पाऊस आणि सीना-कोळेगावसारख्या प्रकल्पांतून सोडलेले पाणी खाली यायला काही तास लागतात. भीमेकाठालाही उजनी धरणाच्या विसर्गाची सूचना आधी मिळते. हे तास हाती असूनही आपण गडबडतो, कारण घरात कोणी काय करायचे हे ठरलेले नसते. मोत्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. तेव्हा प्रत्येक घरात एका माणसाचे नाव ठरलेले असावे, की साखळी हाच सोडणार. पाण्याचा इशारा असताना जनावर बांधून ठेवूच नये, आणि बांधणे भागच असेल तर ओढताच सुटणारी सुरगाठ असावी. गोठ्याच्या बाबतीत हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कुत्र्याच्या बाबतीत तो विसरतो, एवढेच.

गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहिताना आपला स्वतःचा न लिहिता परगावच्या नातेवाइकाचा लिहावा, कारण पुरात आपलाच फोन बंद पडलेला असतो. आपण आणि आपले जनावर एकत्र दिसतील असे छायाचित्र आणि लसीकरणाच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये असावा. मूळ कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी ठेवावे. मांजराचे प्रकरण अधिक अवघड असते. गोंधळ सुरू झाला की ते पलंगाखाली किंवा माळ्यावर दडून बसते आणि ऐन वेळी आणलेल्या पिंजऱ्यात जाता जात नाही. त्यामुळे पिंजरा महिनाभर आधीच घरात उघडा ठेवून त्यातच खाऊ घालण्याची सवय लावावी. पिंजरा परवडत नसेल तर भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून बांधले तरी चालते; अगदीच वेळ आली तर उशीचा सुती अभ्रा उपयोगी पडतो. घाबरलेले जनावर मालकालाही चावते, म्हणून बैलाला घालतो तसे मुसके कुत्र्यासाठीही हाताशी असावे, मात्र ते थोड्या वेळापुरतेच घालावे, कारण तोंड आवळले तर त्याला धापा टाकता येत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. आपली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते आणि पाण्यात भिजवली तर कुत्रा ती आवडीने खातो. फक्त तिच्याबरोबरची शेंगा चटणी त्याला देऊ नये, कारण लसूण आणि कांदा हे दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर स्वच्छ पाणी लागते. त्याने पुराचे पाणी पिऊ नये, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस त्याच पाण्यातून कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. कुत्र्यांसाठी त्याची लस आहे. पण पहिल्यांदा देताना दोन मात्रांमध्ये काही आठवडे जावे लागतात, त्यामुळे पूर आल्यावर टोचून घेण्यात अर्थ नाही.

शहरात नदीचे भय कमी असले तरी जुळे सोलापुरातील फ्लॅटमध्ये कुत्र्याला कोंडून नवरा-बायको कामावर जातात, तेव्हा आग लागली तर आत कोणी आहे हे अग्निशामक दलाला कळणार कसे? शेजाऱ्याकडे एक किल्ली आणि दारावर ‘आत कुत्रा आहे’ अशी पाटी, इतके तरी करावे. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात, वीज गेलेल्या बंद खोलीत पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे उष्माघाताने दगावू शकते, हीदेखील आपत्तीच आहे. (पिंजऱ्यातल्या पोपटांविषयी लिहीत नाही, कारण आपल्याकडचा रानपोपट पाळणे मुळातच कायद्याने गुन्हा आहे.)

जिल्हा प्रशासनाकडे मागणे मोजके आहे. नदीकाठच्या प्रत्येक तालुक्यात निवाऱ्याची यादी करताना किमान एका शाळेचा व्हरांडा किंवा मंगल कार्यालयाचे पत्र्याचे शेड प्राण्यांसाठी वेगळे राखावे. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण असलेल्या खोलीत कुत्रे नको, ही तक्रार रास्तच आहे, म्हणून जागा वेगळी हवी. स्थलांतरितांच्या नोंदवहीत ‘सोबत पाळीव प्राणी’ असा एक रकाना वाढवावा. पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हा क्रमांक जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकाशेजारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. आणि मृग लागण्यापूर्वी पूररेषेतल्या गावांत कुत्र्या-मांजरांच्या रेबीज व कुत्र्यांच्या लेप्टोस्पायरोसिस लसीकरणाचे एकेक शिबिर घ्यावे. पहिल्या शिबिराला मोत्याला घेऊन येण्याचे दाजींनी कबूल केले आहे. त्याची साखळी त्यांनी केव्हाच भंगारात घातली.

आपला विश्वासू,
एक वाचक, जुळे सोलापूर