आयसी बदलायच्या आधी मीटर लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरी सिंथेसायझर बनवणाऱ्या पोरांवर लेख आला, छान वाटलं वाचून. नाहीतर आमच्या खान्देशात सिंथ म्हटलं की लग्नाच्या बँडमधला कीबोर्ड एवढंच डोळ्यासमोर येतं. खरं तर ही गोष्ट आपल्याला काही फार लांबची नाही, अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) 1969 सालीच मूग कंपनीचा सिंथेसायझर आला होता. पण लेखाच्या शेवटी जो सल्ला दिलाय ना, की इनपुट चालत नसेल तर आयसी (म्हणजे बोर्डावरची चिप) बदलून बघा, तो काही पटला नाही म्हणून लिहितोय.

माझा भाचा अमळनेरात घरीच युरोरॅकची मॉड्युलं (एका चौकटीत बसवायचे सिंथचे सुटे भाग) जोडतो. त्याने तीन इनपुटचा मिक्सर (तीन आवाज एकत्र करणारं मॉड्युल) बनवला, दोन इनपुट एकदम ओके आणि तिसरं मुकं. गल्लीतला ॲम्प्लिफायर रिपेअरवाला लांबूनच बोलला, "भाऊ, तुनी आयसीच गयी व्हई." आता बघा, तिन्ही इनपुट एकाच टीएल072 या आयसीच्या दोन नंबर पायावर येऊन मिळतात, प्रत्येकाला आपापला 100 के (किलोओहम) चा रेझिस्टर. मग आयसी गेली असती तर बाकीचे दोन वाजले असते का? म्हणजे बिघाड आयसीच्या त्या पायाच्या अलीकडे, तिसऱ्याच्या स्वतःच्या वाटेवर. एवढा विचार करायला पैसे लागत नाहीत आणि डीसोल्डर करताना (टाके सोडवताना) बोर्डाची तांब्याची पट्टी उखडायची भीती पण नाही.

तरी खात्रीसाठी मल्टीमीटरने आयसीच्या पायांवर सप्लाय मोजला, आठ नंबरला +12 व्होल्ट, चारला -12, दोन नंबरवर जवळपास शून्य, म्हणजे आयसी ठणठणीत. मग तिसऱ्याचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) मधोमध ठेवून ऑसिलेटरची (सूर काढणाऱ्या मॉड्युलची) वायर डायरेक्ट त्या 100 के च्या रेझिस्टरच्या पॉटकडच्या पायाला टेकवली, तर आवाज आला की! म्हणजे राहिलं काय, पॉट, जॅक (केबल घालायचं भोक) आणि त्यांचे टाके. टाके परत गरम करून घेतले (निम्मे बिघाड तिथेच निघतात, कच्चं सोल्डर वरून चकचकीत पण दिसू शकतं), तरी तिसरं गप्पच.

खरी गंमत जॅकमध्ये होती. हे 3.5 एमएमचे जॅक स्विचवाले असतात, केबलची पिन घातलेली नसली की आतली पत्ती सिग्नलचा पाय ग्राउंडला जोडून ठेवते म्हणजे रिकामं इनपुट भुणभुण करत नाही, आणि पिन घातली की पत्ती सुटली पाहिजे. पॉवर बंद करून नुसती केबल घातली, पॉट शून्यावर नेले आणि सिग्नलच्या पायापासून ग्राउंडपर्यंत मोजलं. पहिल्या दोघांवर साधारण 100 के, म्हणजे पॉटचीच किंमत, आणि तिसऱ्यावर मीटर सरळ बीप! पिन आत असूनही पत्ती चिकटलेलीच, सगळा सिग्नल ग्राउंडात. सोल्डरिंग करताना सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं की जॅकचं प्लास्टिक मऊ पडून पत्ती सरकते, नाहीतर स्वस्तातला माल आधीच तसा असतो, यातलं नक्की काय झालं ते जॅक फोडल्याशिवाय कळणार नाही आणि फोडायची गरजही नाही. नवा लावला, तिसरं बोलायला लागलं. नवा जॅक लगेच मिळत नसेल तर स्विचचा पाय ग्राउंडपासून तोडला तरी काम चालतं, फक्त वापरात नसताना त्या इनपुटचा पॉट शून्यावर ठेवायचा.

आणि इथे पार्ट असे सहज मिळत पण नाहीत हो, जळगावात नाही मिळालं तर ऑनलाईन मागवा आणि वाट बघा. त्यात पोरगं आधी आयसी मागवणार, ती लावूनही आवाज नाही आला की मॉड्युलच माळ्यावर टाकून देणार.

तेव्हा पुढच्या पुरवणीत ते आयसीचं वाक्य दुरुस्त करा आणि चालणाऱ्या इनपुटशी तुलना करत मीटर कसा लावायचा ते फोटोसकट छापा. फोटो आमच्याकडे आहेत, सांगाल तिथे पाठवतो.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)