निळे ठिपके ही ओळख नव्हे

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

निळ्या ठिपक्यांच्या पाकटाचे, म्हणजे शेपटीवर विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचे, छायाचित्र छापून आले की खाली कोणते नाव पडेल याचा नेम नसतो. या वर्णनात बसणारे पाकट मुख्यतः दोन: टीनियुरा लिम्मा, म्हणजे रिबनटेल रे, आणि निओट्रायगॉन, म्हणजे मास्क रे. दोघे एकाच उपकुळातले भाऊबंद. ठिपक्यांवरून निवाडा करू नये. खोल पाण्यात रंग फिके दिसतात आणि जतन केलेल्या नमुन्यात निळा तर उडूनच जातो.

आधी शेपटी पाहावी. लिम्माच्या शेपटीवर दोन्ही बाजूंनी निळा पट्टा लांबवर धावतो, खालची कातडी झालर रुंद असून टोकापर्यंत जाते आणि काटा मुळापासून बराच मागे असतो. निओट्रायगॉनची शेपटी चाबकासारखी बारीक असते, झालर आखूड आणि टोकाकडे काळी-पांढरी कडी. सोय अशी, की लपलेल्या पाकटाचीही बहुधा शेपटीच बाहेर राहते: लिम्मा प्रवाळाच्या कपारीत शिरतो, निओट्रायगॉन वाळूत पुरून घेतो.

रंग गेलेल्या नमुन्यात शरीराचा आकार कामी येतो. लिम्मा लंबगोल, निओट्रायगॉन पतंगासारखा चौकोनी आणि लांबीपेक्षा रुंद. त्याच्या डोळ्यांवरून गडद पट्टा आडवा जातो. ‘मास्क’ तो हाच. रुंदीवर मात्र विसंबू नये. लिम्मा सुमारे ३५ सेंमी, दुसरा त्याहून मोठा होतो. पण पिल्लांचे काय?

‘निओट्रायगॉन कुहली’ हे मास्क रेंपैकी एका जातीचे नावही जपून छापावे. २०१६ मध्ये या एका नावाखालच्या पाकटांच्या अनेक जाती केल्या गेल्या आणि २०१८ मध्ये भारतीय किनाऱ्यावरून निओट्रायगॉन इंडिका ही जात नोंदली गेली. नुसत्या छायाचित्रावरून ‘निओट्रायगॉन’ एवढेच लिहिणे बरे.

काटा लागल्यावर मात्र जात शोधत बसू नये, उपचार एकच. विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने निकामी होते. जखम सोसेल इतक्या गरम, पण ४५ अंश सेल्सिअसच्या वर नसलेल्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवावी. पाणी दुसऱ्या, धडधाकट हाताने वा पायाने तपासावे. दुखऱ्या अवयवाला चटका कळत नाही. काट्याचे दाते उलटे असतात, ओढताना मांस फाटते. छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर तसाच ठेवून रुग्णालय गाठावे.

आपला,
मत्स्यशास्त्राचा एक अभ्यासक