आत्याचं आधी ऐकू या

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर मी भूकंपाच्या आठवणी रेकॉर्ड करायचं नाव काढलं की बाबा पावसापाण्यावर येतात आणि आई, तुझी भाजी करपायला लागते. म्हणून पत्र लिहितेय. हे मध्येच ठेवून देता येणार नाही, निदान अर्धं वाचल्याशिवाय.

आपल्या घरात सगळं 'भूकंपाच्या साली' झालेलं असतं. कुणाचं लग्न भूकंपाच्या आधीचं, कुणाचं बाळंतपण नंतरचं. सोमवार, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं, हे मात्र मला कॉलेजात कळलं. सरांनी फळ्यावर कोयनेच्या भूकंपाचा आलेख काढला होता. धरणातल्याच यंत्रानं तो धक्का टिपला आणि जगभरचे इंजिनिअर आजही त्या नोंदीवर धरणांची गणितं करतात. मला हात वर करून सांगायचं होतं, की या रेघा उमटत होत्या तेव्हा माझे बाबा कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये घोंगडीत झोपले होते. नाही सांगितलं. पुढं काय झालं असं सरांनी विचारलं असतं, तर माझ्याकडं सांगायला दोन वाक्यं होती.

धरणाचं सगळं जपलंय. भेगा कुठं पडल्या, काँक्रीट घालून ते कसं मजबूत केलं, शिवाजीसागरात पाणी साठवल्यामुळं भूकंप होतात का, यावर शोधनिबंधांचे ढीग आहेत. कोयनेच्या परिसरात तर त्यासाठी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. माणसांचं काय? सुमारे १८० माणसं गेली, एवढं सगळीकडं लिहिलेलं असतं. आणि आपल्याकडं कागद एकच, कपाटातला भूकंपग्रस्ताचा दाखला. नोकरीच्या फॉर्मला जोडायला लागतो म्हणून तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत जपलाय! त्यात आबांचं नाव आहे, गाव आहे. आज्जीचं नाव नाही.

बाबा, तुमची गोष्ट मला पाठ आहे. आबांनी तुम्हाला उचललं, उंबऱ्याबाहेर फेकलं आणि मागं भिंत आली. पण मागच्या दिवाळीत आत्या मला हळूच म्हणाली, "उचललं आईनं. आबा त्या रात्री ड्युटीवर हुते." तुम्ही तेव्हा सहा-सात वर्षांचे, ती बारा-तेरा वर्षांची. कोण खरं, हे मला ठरवायचं नाही आणि तुम्ही दोघांनीही बसून ठरवू नका. एकदा का घरातल्यांनी मिळून एकच गोष्ट पक्की केली की बाकीच्या मरतात. मला दोन्ही हव्यात, शेजारी शेजारी.

आई, "मी कुठं तिथं हुते?" हे तुझं नेहमीचं. तू कोल्हापुरात शुक्रवार पेठेत होतीस. पण मांडणीवरची पितळी भांडी खणाखणा खाली आली, अख्खी गल्ली थंडीत अंथरुणं घेऊन बाहेर झोपली, धरण फुटलं अशी आवई उठली, हे मला कुणी सांगितलं? तूच. कोयना कराडला कृष्णेला मिळते, कोल्हापूरला तिचं पाणी येणार कसं? पण आवईला भूगोल लागत नाही. त्या रात्री कोल्हापूर किती घाबरलं होतं हे धरणाच्या कुठल्याच अहवालात असणार नाही. तुझ्याकडं आहे.

आपल्या गावात पुराची आठवण ठेवायला भिंती आहेत. २०१९चं पाणी कुठवर आलं, २०२१चं कुठवर, घराघरांवर खुणा आहेत. भूकंपात भिंतच राहत नाही. दगडमातीच्या भिंतींनीच तर माणसं मारली. भुजला टेकडीवर २००१च्या भूकंपाचं स्मृतिवन झालंय, गेलेल्यांची नावं कोरलीत. आपल्याला टेकडी नको, फोन पुरे.

पाटणकडची जी मंडळी तुमच्या ओळखीत आहेत त्यांच्याकडं एकेकट्यानं जाऊ. बायकांशी वेगळं बोलायचं. पुरुष बसले की त्या चहा करायला उठतात आणि उठल्या की संपलं. "कसं वाटलं?" विचारायचं नाही, त्यावर सगळे "लई वाईट" म्हणून गप्प होतात. कोण कुठं झोपलं होतं, उजाडल्यावर पहिली चूल कुणी पेटवली, तान्ह्या पोरांना दूध कुठून आलं, सरणाला लाकडं कुणी दिली, पत्र्याच्या शेडमध्ये पहिला पावसाळा कसा काढला, असं विचारायचं. मध्ये दुरुस्ती करायची नाही. बाबा, हे तुमच्यासाठी. कुणी "नाव घालू नका" म्हटलं तर घालायचं नाही, रडू आलं तर फोन बंद.

लिहून झालं की एक प्रत करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघू. १८५० पासूनचं वाचनालय आहे, आपल्या कपाटापेक्षा जास्त टिकेल.

मी शनिवारी येतेय. सुरुवात आत्यापासून. तिच्या कानाच्या मशीनचे सेल संपलेत असं ती म्हणत होती, ते आणून ठेवा. आणि बाबा, ती बोलत असेल तेव्हा तुम्ही रंकाळ्यावर फिरायला जा. तुम्ही समोर असलात की ती तुमचंच खरं म्हणते.

तुमची,
ताई