दाभण, बारदान आणि खाडीचा रंग

ठाणे,
२० डिसेंबर

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फेब्रुवारीत येतोयस आणि चांगला आठवडाभर राहतोयस, त्यामुळे घरात सगळे खूश आहेत. पण त्यातली एक ओळ वाचून लगेच उत्तर लिहायला घेतलं. फ्लेमिंगो बघायला येताना ऑनलाइन तयार गिली सूट, म्हणजे अंगावर गवतासारखे धागे लोंबणारा लपायचा पेहराव, मागवून आणतो म्हणतोस. कृपा करून मागवू नकोस. आपण तो हाताने करू, आणि इथल्या खाडीसाठीच करू.

तयार सूट बहुतेक प्लॅस्टिकच्या धाग्यांचे असतात. ऊन पडलं की चमकतात, हललं की सळसळतात, आणि रंग एकच, गडद हिरवा. फेब्रुवारीत खाडीच्या काठावर तसं हिरवं असतंच कुठे? ओहोटीला उघडा पडलेला करडा चिखल, वाळलेलं गवत आणि तिवरं. तिवराचं पान वरून हिरवं, पण उलटं करून बघ, खालून राखाडी-पांढुरकं. वारा सुटला की अख्खं झाड फिकं दिसायला लागतं. तोच फिकेपणा आपल्या अंगावर हवा.

या सुटाचा जन्म स्कॉटलंडच्या डोंगरातला. तिथले शिकारखान्याचे राखणदार हरणांच्या मागावर जाताना असे पेहराव करायचे. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅटने अशाच माणसांची ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही तुकडी उभी केली, आणि पहिल्या महायुद्धात त्यांच्यातूनच नेमबाज निघाले. पण तू सोलापूरचा, तुला एवढ्या लांब जायची गरज नाही. आपल्याकडचे गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पावलापावलाने काळविटापर्यंत पोचायचे. गाय माळावर रोजचीच, तिला बघून काळवीट कशाला बुजेल? मला तर ही कल्पना स्कॉटलंडच्या सुटाहूनही मोठी वाटते. जनावराच्या नजरेला जे सवयीचं आहे, तेच आपण व्हायचं. शिकारीचे दिवस गेले, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते जायलाच हवे होते. त्या माणसांची ही विद्या मात्र पक्षी बघणाऱ्यांनी जपायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता करायचं कसं ते सांगतो. ढगळ जुना सुती शर्ट आणि पँट घे, मातकट रंगाची. लष्करी छाप्याचं काही आणू नकोस, पोलिसांशी नसता वाद नको. पाठीवर, खांद्यांवर आणि टोपीवर मासेमारीचं जुनं सुती जाळं दाभणाने, सुतळीने टाचायचं. छाती, पोट आणि कोपरांवर जाळं नको. तिथे जाड कॅनव्हास लावायचा, कारण पालथं पडून सरकताना लोंबणारं सगळं अडकतं. मग ज्यूटचं बारदान घ्यायचं, बोटभर लांबीच्या नव्हे, चांगल्या वीतभराहून लांब पट्ट्या कापायच्या, दोन-तीन बोटं रुंद. आणि इथेच घाई करायची नाही. प्रत्येक पट्टीतले आडवे धागे एकेक करून ओढून काढायचे, वर गाठ मारण्यापुरतं विणकाम ठेवायचं. खाली मोकळे उभे धागे उरतात, त्यांना चिखलाच्या पाण्यात चोळलं की ते वळतात, चिकटतात, वाळल्यावर सुकल्या गवतासारखे वेडेवाकडे राहतात. काही पट्ट्या तशाच पिवळसर ठेवायच्या, काही चहाच्या चोथ्यात उकळायच्या, थोड्या काळपट करायच्या. जाळ्याला बांधताना ओळीत बांधू नकोस, कुठे दाट, कुठे विरळ. माणूस ओळखू येतो तो डोकं आणि खांदे यांच्या आकारावरून, त्यामुळे टोपी आणि खांद्यांच्या मधली खाच भरून काढणं सगळ्यात महत्त्वाचं. थोड्या गाठी रिकाम्या ठेवायच्या, तिथे त्या दिवशीचं, त्या जागेचं वाळकं गवत खोवायचं.

चेहऱ्यावर पातळ जाळी, हातात मातकट मोजे. कॅमेऱ्याच्या लेन्सलाही बारदान गुंडाळायचं.

एक गोष्ट काटेकोर पाळ: हे कपडे डिटर्जंटमध्ये घालायचे नाहीत. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून बऱ्याच पावडरींत जे चकाकी आणणारं द्रव्य असतं, ते अतिनील प्रकाश शोषून निळसर उजळतं. आपल्याला अतिनील दिसत नाही, पण बऱ्याच पक्ष्यांना दिसतो, त्यामुळे असा कपडा त्यांना भोवतालाहून वेगळा वाटू शकतो. म्हणजे आपण लपलेलो आणि त्यांना उठून दिसणार! रिठ्याच्या पाण्याने धू. आणि विडी-सिगारेटवाला कोणी सोबत नको, सुकं ज्यूट भसकन पेटतं. उकाडाही भयंकर होतो, म्हणून आपण पहाटे बसायचं आणि ऊन चढायच्या आत उठायचं. पाणी भरपूर.

येऊरला हा सूट घालून जाऊ म्हणालास, त्याला माझा साफ नकार आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत. जमिनीलगत, झुडपात दबकून बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटेलच असं नाही. आणि वनरक्षकाने आपल्याला शिकारी समजलं तर त्याचं काय चुकलं? येऊरला साध्या कपड्यांत, परवानगी काढून, दिवसाउजेडी जाऊ.

खाडीचं वेळापत्रक भरतीवर चालतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला. पण पाणी चढलं, चिखल बुडाला की पक्षी नवी मुंबईच्या बाजूच्या पाणथळींवर टेकायला येतात, सीवूड्समध्ये टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला. आपण कांदळवनात शिरायचं नाही, काठावरच्या गवतातच बसायचं, आणि पक्षी उतरायच्या आधी बसायचं. फ्लेमिंगो तर येतीलच, पण मला ओढ आहे ती चिखलात चरणाऱ्या शेकाट्यांची आणि तुतवारांची. सूट नीट जमला, मान हलवली नाही, तर ते चरत चरत इतके जवळ येतात की चिखलातून चोच बाहेर काढल्याचा आवाज येतो. तो तुला ऐकवायचाय, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

येताना सोलापूरच्या बाजारातून धान्याची रिकामी पोती आण, छापील अक्षरं नसलेली. खतांची नकोत. जाळ्याचं मी इथे कोळीवाड्यात विचारतो. शर्टाचं माप कळव, नेहमीपेक्षा दोन नंबर मोठं धर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास